नेमीचंदचा घरचा अभ्यास

नेमीचं गणित सुधारलं तर ज्ञानचंद शेठला एका मिलची पुढच्या सबंध हंगामाची कापूसखरेदी मिळणार होती. नाही सुधारलं तर पदरात एक ढ पोरगा, तो होताच. त्या मिलसाठी खरेदी ठरवणारा इंदूरचा मेहुणा तोंडावर सांगून गेला होता, "दोंडाईच्यात खरेदी कुणाला द्यायची ते संक्रांतीला ठरवीन. तुमचा वारस हिशेबाला पक्का निघाला तर तुम्हाला."

वारस मराठी सहावीत होता आणि बापाच्या मते मठ्ठ होता.

दसरा झाला, कापसाच्या गाड्या सुरू झाल्या, आणि नेमी रोज दिवेलागणीला पाटी घेऊन बापापुढे बसू लागला.

"बापूजी, मास्तरांनी घरी करायला दिलंय."

पाटीवर गणित होतं. नरडाण्याहून गाडी आली. कापूस दवाने ओला, बोंडं थोडी किडकी. जास्तीत जास्त काय भावाने घ्यावी?

"धनसिंग मास्तर कापसाचं विचारतो?" ज्ञानचंद हसला. "त्याने कापूस पाहिला तो समईच्या वातीत. अशीच गाडी आज मैदानात येऊन सुटलीय. स्वतःला गणितं सुचत नाहीत, बाजारात हिंडून गोळा करतो लेकाचा. आण इकडे, तुझ्याच्यानं व्हायचं नाही."

आणि ओलाव्याची घट, सरकीचं वजन, रुईचा उतारा, जे सख्ख्या भावालाही कधी सांगितलं नव्हतं, ते सगळं धडाधड मांडून त्याने खाली भाव लिहिला.

"पोराला करू द्या की," गुलाबबाई म्हणाली.

"तू पापड लाट. हिशेबाचं डोकं रक्तातच असावं लागतं."

"मग रक्त कुणाचं आहे त्याचं?"

शेठने भावाखाली ठसठशीत रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी पोरगा शाळेतून आला. "काय म्हणाला मास्तर?"

"शाबास म्हणाले."

शाबासकी आपलीच, हे ओळखून ज्ञानचंद फुगला. "आणि टोपीला ही रुई कसली रे? शाळेत गाद्या भरता काय?"

नेमीने टोपी काढून झटकली.

घरी अभ्यास असा झकास चालला होता, बाजारात मात्र माती होत होती. गाड्या संध्याकाळी मैदानात येऊन सुटत, सौदे सकाळी होत. रिवाज असा की दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव सांगायचा. कुणाचं बोलणं कुणाला कळायचं नाही. तरी प्रत्येक चांगली गाडी समोरच्या सुगनचंद शेठकडे वळे, आणि तीही नखभर जास्त भावाने.

ज्ञानचंदने आपल्या दलालाला, निंबाला, धरलं. "तू फुटलास."

"मना काय गुन्हा शे, शेठ? रुमालखालनं मी कोणले सांगसू?"

"तुझी बोटं सांगतात. उद्यापासून यायचं नाही."

निंबाने रुमाल घडी करून गादीवर ठेवला आणि गेला. गाड्या तरीही सुगनचंदकडेच जात राहिल्या. हे दलाल लोक एकजात चोर, असं ज्ञानचंद बायकोला म्हणाला.

संक्रांतीला मेहुणा आला. ज्ञानचंदने धनसिंग मास्तरलाही बोलावलं. शिफारस करायला फाटका माणूस बरा, तिळगुळावर भागतो.

मामाने भाच्याला तोंडी हिशेब घातले. दिडकी, अडीचकी, ओल्या मालाची घट. पाटी न घेता नेमी फटाफट उत्तरं देत गेला. ज्ञानचंदने लगेच श्रेय उचललं.

"रोज संध्याकाळी मी घेऊन बसतो. मास्तरनेही घरी करायला भरपूर दिलं, नाही कसं म्हणू?"

मास्तरचा तिळगूळ गालातच राहिला. "मी? शेठ, दसऱ्यापासून मी घरचा अभ्यास दिलेलाच नाही. अर्धा वर्ग कापूस वेचायला जातो, देऊ कुणाला?"

मामाने भाच्याकडे नीट पाहिलं. "काय रे, गावातला चांगला माल कुणाकडे जातो?"

"सुगनचंद शेठकडे."

"तुला काय ठाऊक?"

"शाळेत जाता-येता मी तिथेच बसतो, मामा. पाटी दाखवली की गाडीमागे एक आणा ठरलाय."

मामा उठला, पागोटं सारखं केलं आणि समोरच्या पेढीची पायरी चढला. आणा द्यायचा सुगनचंद. त्याची किंमत मात्र आधी निंबाने काम गमावून मोजली होती, उरलेली ज्ञानचंदने त्या दिवशी मिलची खरेदी गमावून भरली.