पाइपातला जोड

गिरणीची मोटर दुसऱ्यांदा जळाली, तेव्हा कुंदाने मेन स्विच बंद केला आणि भिंतीत भावाने घातलेली वायर स्वतःच पाइपातून ओढायला घेतली.

“ताई, उगाच उपसतेयस. मोटरला लागते तशी जाडच घातलीय. बोर्डातलं टोक बघ की!” भाऊ म्हणाला.

जाड वायर हातभर आली. मग टेप गुंडाळलेला जोड आला आणि त्यामागून पंख्याला लावतात तसली बारीक, करपलेली वायर.

“मजुरांनीच चोरली बघ जाड वायर!” भाऊ तावातावाने म्हणाला. “अण्णांची शपथ, हा जोड मी आत्ता पाहतोय.”

कुंदाने जोड निरखला. टेपचं टोक दुमडलेलं होतं, पुढे सोडवायचं झालं तर नखात यावं म्हणून. वायरिंग शिकवताना अण्णांनी ही सवय दोघांनाच लावली होती, तिला आणि त्याला.