तिसऱ्यांदा विचारणं

अर्विड लुंडीनच्या गाडीची पुढची दोन्ही चाकं बर्फात गेली तेव्हा अर्विड म्हणाला, "हं. हे जरा वेगळंच झालं."

उत्तर मिनेसोटात याहून मोठी शिवी नाही.

मार्च संपत आला होता. मासेमारीची खोपटी बाकी सगळ्यांनी केव्हाच गोठलेल्या तळ्यावरून ओढून नेली होती. अर्विडचं खोपटं तेवढं राहिलं होतं, कारण बर्फ अजून वजन धरतोय असं त्याचं म्हणणं होतं. बर्फाचं म्हणणं दुसरं निघालं. गाडी आता पाणी प्यायला वाकलेल्या जनावरासारखी नाक खाली करून उभी होती आणि दिवे चालू होते. त्याची बायको व्हर्ना दारातून उडी मारून बाहेर पडली होती. परवा याच गाडीने तिला डुलुथला जायचं होतं. मुलगी बाळंत व्हायची होती आणि घरात दुसरी गाडी नव्हती.

तेवढ्यात काठावर ट्रॅक्टर येऊन थांबला. त्यावर डेल पिकेट. हा टेक्सासचा. शेजारचं घर विकत घेऊन सहा महिने झाले होते आणि तेव्हापासून त्याला इथली माणसं ओळखून घ्यायची होती. त्याने जाड दोरखंडाचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि तो बर्फावरून चालत आला.

"काका, दोर लावू का?"

"छे छे. तू कशाला त्रास घेतोस."

"बरं," डेल म्हणाला आणि वळून चालायला लागला.

अर्विड त्याच्या पाठीकडे बघत राहिला. उभ्या आयुष्यात त्याला असं कुणी वागवलं नव्हतं.

"गेला," तो म्हणाला. "खरंच गेला."

"तू नको म्हणालास," व्हर्ना म्हणाली.

"पहिल्यांदा नकोच म्हणतात."

"त्याला काय माहीत?"

"सहा महिने राहतोय. इतक्यात कुत्रीसुद्धा शिकतात."

गाडीखाली काहीतरी करकरलं. व्हर्नाने डेलला हाक मारली तसा तो परत आला. लाव दोर, एवढंच सांगायला तिने तोंड उघडलं होतं, पण तीही इथलीच.

"डेल," ती म्हणाली, "तीनदा विचारायचं असतं."

"काय?"

"दोनदा माणूस नको म्हणतो. तिसऱ्यांदा म्हणतो, बरं, तुला फार अडचण होणार नसेल तर. मग लावायचा दोर."

सहा महिने डेलच्या चेहऱ्यावरून एकेक करून सरकले.

"म्हणजे नाताळात मी केक घेऊन आलो होतो, तेव्हा..."

"तू एकदा विचारलंस आणि केक परत घेऊन गेलास."

"एकट्याने खाल्ला मी तो. मोरीपाशी उभा राहून."

"आम्ही बशा मांडून बसलो होतो," अर्विड म्हणाला. हे त्याला डिसेंबरपासून बोलायचं होतं. "सगळं गाव म्हणतं, हा माणूस हात राखून विचारतो."

डेलचे कान लाल झाले. त्याने दोरखंड खाली टाकला.

"ठीक आहे. दोर लावू का? हे दुसऱ्यांदा."

"नको रे, खरंच. होईल काहीतरी," अर्विड म्हणाला. त्याचा चेहरा जरा सैल पडला. आता एकच राहिलं होतं. गाडी वीतभर खाली गेली. तो वाट बघू लागला.

डेलने तिसऱ्यांदा विचारलं नाही. तो दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला.

"आता तुम्ही मागा, काका."

"काय मागू?"

"मदत. डेल, दोर लाव. तीन शब्द आहेत."

"तू विचार, मी हो म्हणतो."

"मी नाही विचारणार."

"विचार की. इतका वेळ विचारतच होतास."

"मागा."

"अशी पद्धत नसते," अर्विड म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मान टोपीपर्यंत लाल झाली होती. "टेक्सासात कसं करतात मला ठाऊक नाही."

"टेक्सासात गाड्या रस्त्यावर चालवतात."

"पोरीचे दिवस भरलेत," व्हर्ना म्हणाली. ती कुणाला म्हणाली हे दोघांनाही नीट कळलं, म्हणून दोघंही दुसरीकडे बघायला लागले.

तेव्हा व्हर्ना डेलजवळ गेली. "ऊठ," ती म्हणाली.

डेल उठला. इतकं सरळ त्याच्याशी या गावात कुणी बोललंच नव्हतं. तिने दोराचं टोक उचललं, हुक मुठीत धरला आणि ती गाडीकडे निघाली. ती निम्म्यात पोचली असेल. बर्फ मोडला आणि गाडी गेली. घाई न करता, कुणाला त्रास न देता, खाली खाली जात राहिली. तळाशी टेकली तरी दिवे चालूच होते. तिघांच्या पायांखालचा बर्फ आतून पिवळा झाला.

"याहून वाईट होऊ शकलं असतं," अर्विड म्हणाला.

व्हर्नाने हुक हातातून सोडला. "कसं?"

अर्विडने विचार केला. "वारा असता तर."

व्हर्ना त्याच्या अंगावरून पुढे गेली. तिने वळूनही पाहिलं नाही.

"डेल, परवा मला डुलुथला पोचव."

"पोचवतो."

"आत्ता घरी सोड."

"चला." डेल तिच्यामागे काठापर्यंत गेला आणि थांबला. अर्विड तिथेच उभा होता, दिव्यांच्या वर, हात खिशात घालून. "आणि काकांचं काय?"

व्हर्ना ट्रॅक्टरवर चढून बसली.

"त्याला विचार," ती म्हणाली. "एकदाच."

डेलने हाक मारून विचारलं, "काका, येता का?" अर्विडची मान सवयीने हलायला लागली होती, डावीकडून उजवीकडे.