अंशांची ओळ

“दिनेश, ही ओळ खोटी आहे! आणि पुस्तकावर नाव माझं आहे.”

विमलाबाईंनी पुस्तिका त्याच्या नाकासमोर धरली. दिनेश त्यांचा शाळेतला विद्यार्थी. आता सातपूरला त्याची छोटी कंपनी होती. भोकं पाडणाऱ्या संगणकी यंत्रांसाठी तो कंपाइलर बनवायचा, म्हणजे कारागिराने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. त्याची मराठी माहितीपुस्तिका निवृत्तीनंतर बाईंनी लिहिली होती.

पुस्तिका सांगत होती, ‘डी’ हा पर्याय दिला की भोकाची जागा ठरवायला साइन काढताना कोन अंशांत धरला जातो. पूर्वी धरला जायचा. मग दिनेशने तो पर्याय बाद केला आणि कुणाला सांगितलंच नाही. आता ‘डी’ लिहा नाहीतर न लिहा, कोन रेडियनमध्येच, म्हणजे साधारण सत्तावन्न अंशांच्या एककात, धरला जायचा. तीस अंशांची साइन अर्धा, हे दहावीच्या पोरालाही ठाऊक. यंत्र मात्र भलताच आकडा काढायचं आणि महागड्या पोलादात भोक भलतीकडेच पडायचं.

“बाई, पुस्तक छापून झालंय. आणि वाचतंय कोण?”

“वाचतात, म्हणून तर बिघडतंय ना, बाबा!”

“पुढच्या आवृत्तीत बघू.”

पुढची आवृत्ती काही निघेना. शेवटी बाई वैतागल्या. पिशवी घेऊन बसने निघाल्या आणि एकेक वर्कशॉप गाठू लागल्या. प्रत्येक प्रतीतली ती ओळ त्यांनी स्वतः खोडली. वर लिहिलं, ‘आधी अंशांचे रेडियन करून घ्या.’ प्रत्येकाचे प्रोग्रॅमही शेजारी बसून दुरुस्त करून घेतले.

वर्कशॉपवाल्यांत सोमा सगळ्यात शेवटी राहिला होता. तो फणकारला, “पुस्तक तुमचंच ना, बाई? मग माझा माल भंगारात गेला, त्याचं काय?”

 बाईंनी खडू मागितला, जमिनीवर वर्तुळ काढलं आणि पहिल्यापासून समजावलं. दुपारपर्यंत भोकं जागच्या जागी पडू लागली.

“आता लय झकास!” सोमा हसला.

बाई तशाच दिनेशच्या ऑफिसात गेल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आतच तो उठून उभा राहिला.

“या, बाई! तुम्ही रागावून गेलात, ते मनाला लागलं हो. म्हटलं, पुस्तक बदलता येत नाही ना, मग कंपाइलरच बदलू. कोन आता कायम अंशांतच. ‘डी’ लिहायचीसुद्धा गरज नाही. नवी फ्लॉपी सकाळीच सगळ्यांना धाडली!”

बाईंनी नुकतेच सगळ्यांचे कोन रेडियनमध्ये करून ठेवले होते; नवा कंपाइलर तेच छोटे आकडे अंश समजणार होता. उद्या प्रत्येक यंत्र सगळी भोकं एकाच कोपऱ्यात गोळा करणार होतं.

“बघा, बाई, तुमचं पुस्तक आता अक्षरन् अक्षर खरं!”

खरं झालं होतं. पण ती ओळ न खोडलेली एकही प्रत आता गिऱ्हाइकांकडे उरली नव्हती.