आठवण येते

अमेरिकेतल्या ओमाहा शहरात वेंडेलचा लोकांची घरं साफ करून देण्याचा छोटासा धंदा होता. एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही, म्हणून त्यानं संगणकावर एक सोय करून घेतली. महिना उलटला की प्रत्येकाच्या फोनवर आपोआप निरोप जाई: "फार दिवस झाले, आठवण येते. सगळं ठीक ना? वेंडेल."

गिऱ्हाइकं खरंच परतू लागली. वेंडेल भेटेल त्याला सांगू लागला, "माणसाला जिव्हाळा लागतो. तो मी यंत्राला शिकवला."

एका दुपारी सफाईवाली ओरालिया म्हणाली, "आज तुमच्या आईकडे जाऊन आले."

"आईकडे? तुला तर मी एकदाच पाठवलं होतं, नाताळात."

"त्या दर महिन्याला मलाच फोन करून बोलावतात. पैसेही पूर्ण देतात. घर आधीच लख्ख असतं, मी हात कुठे फिरवणार? मला खुर्चीत बसवतात, केक खाऊ घालतात आणि तुमचे निरोप वाचून दाखवतात. म्हणतात, पोराला यायला जमत नाही, पण आईला विसरत नाही हो तो."

नाताळात आईचा नंबरही गिऱ्हाइकांच्या यादीत गेला होता, हे वेंडेलच्या आता लक्षात आलं. आईचं घर गाडीनं वीस मिनिटांवर होतं. ओरालिया गेल्यावर त्यानं संगणक उघडला आणि आईला निरोप दर आठवड्याला जाईल असं करून ठेवलं.