चि. राजकुमारचा कप

"हे कुणी केलं?" राजकुमार ओरडला, आणि ओरडतानाच त्याला उत्तर ठाऊक होतं.

हातात स्टीलचा कप होता. साधासुधा नव्हे बरं का. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन शिपायाचा, एका बाजूनं आत दबलेला, पाण्याच्या बाटलीच्या बुडाला नेमका बसणारा. घडीच्या दांडीवर १९४३ चा शिक्का. बाटली मिळाली, पट्टा मिळाला, पाठीवरची पिशवी मिळाली, पण हा कप काही मिळेना. तीन वर्षं जुन्या बाजारात भंगाराचे ढीग उपसले, तेव्हा कुठं मागच्या महिन्यात हाती लागला. त्या दिवशी गडी धड जेवलासुद्धा नाही, नुसता कपाकडं बघत बसला होता.

आणि आता त्याच कपाच्या पोटावर, ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत लिहिलं होतं: 'चि. राजकुमार कडुबा तुपे, पडेगाव. आईकडून.' खाली तारीख. परवाची!

चव्वेचाळीस वर्षांचा चिरंजीव मटकन खाली बसला.

उद्या दौलताबाद रस्त्याच्या माळावर एका हौशी मंडळाची महायुद्धातली अमेरिकन छावणी उभी राहणार होती. तंबू, चुली, वर्दी, सगळं त्या काळचं. शिपायाचं सामान पुरं असेल तरच रांगेत उभं राहायचं, आणि त्यात पंचेचाळीस सालानंतरची एक वस्तू जरी निघाली तरी बाहेर. मागच्या वर्षी एका बिचाऱ्याला नुसत्या चष्म्यापायी बाहेर काढलं. तीन वर्षं राजकुमार दोरीच्या अलीकडं, बघ्यांत उभा होता. उद्या पहिल्यांदा तो दोरीच्या पलीकडं जाणार होता.

मालनबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"म्या केलं. भांड्याच्या दुकानात तो मशीनवाला बसतो ना, त्याच्याकडून. का? चुकलं का काही?"

"चुकलं नाही, माय. पण नाव टाकलंस कशाला?"

"कशाला म्हंजी? तूच म्हणलास, चाळीस जणं पंगतीला अन् समद्यांची भांडी सारखी. अजिंठ्याच्या लग्नात माझी परात गेली ती गेलीच. तुजं नाव नको व्हय त्याच्यावर?"

आता बोला! राजकुमारला संताप आला होता, पण तो काढायचा कुणावर? या घरात परातीवर नाव, पातेल्यावर नाव, चहाच्या गाळणीवरसुद्धा नाव. नावाशिवाय राहिलेलं हे एकच भांडं होतं, आणि ते माउलीच्या नजरेतून सुटलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं बाहीला पुसलं, कपाटातून पॉलिश पेपर काढला आणि 'चि.'वर टेकवला.

"खोडतोस व्हय?"

"खोडावंच लागतंय. नाहीतर उद्या घेणार नाहीत मला."

"मंग खोड बाबा. तुजं काम अडायला नको." मालनबाई आत वळल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, ते आवाजातच कळत होतं. गॅसवर चहा ठेवत त्या आतूनच बोलल्या, "तो मशीनवालाबी तेच म्हणत व्हता. म्हणे, मावशी, दुसऱ्या अंगाला कुणाचं तरी इंग्रजीत नाव हाय, घासून टाकू का? म्या म्हणलं, खबरदार! कुण्या आईनं घातलं असंल लेकरासाठी. आपुन कोण खोडणार?"

राजकुमारचा हात थांबला.

त्यानं कप फिरवला. दुसऱ्या बाजूचं ते नाव त्याला पाठ होतं. हॉब्स. खिळ्यानं कोरलेलं, एक अक्षर वर तर एक खाली. शिपाई आपलं नाव आपल्याच हातानं कोरायचे, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचा. का कोरायचे, हे मात्र आज त्याच्या ध्यानात आलं. चाळीस जणं पंगतीला अन् समद्यांची भांडी सारखी. आणि आई सात समुद्रांपलीकडं.

त्यानं पॉलिश पेपरची घडी घालून खिशात टाकली आणि राजेंद्रला फोन लावला. राजेंद्र त्यांच्या मंडळाचा प्रमुख. नियमाच्या बाबतीत एक नंबरचा खडूस.

"कपावर आईनं नाव टाकलंय माझं. तारखेसकट. मी काही ते खोडत नाही."

 पलीकडं राजेंद्रला हसू फुटलं. "अरे, माझ्या घरच्या डब्यावर अजून सासूबाईंचं नाव आहे." मग तो हळूच म्हणाला, "पण रांगेत नाही घेता येणार रे. तुला घेतलं तर त्या चष्मेवाल्याला काय तोंड दाखवू?"

"माहीत आहे. दोरीच्या अलीकडं उभा राहतो."

 फोन ठेवून तो कप हातात घेऊन बसून राहिला.

मालनबाईंनी त्याच्या हातातून कप घेतला, विसळला आणि त्यातच चहा ओतून आणला. आपली अक्षरं जागच्या जागी बघून त्यांना बरं वाटलं.

"अन् उद्याचं रे?"

"उद्या तू चल माझ्याबरोबर. दोघं मिळून बघू."

"येते की. मला कोण अडवतंय?"

कप त्याच्या हातात देता देता त्यांनी तो फिरवला. जुन्या नावावरून बोट फिरवलं. वर गेलेल्या अक्षरावर ते जरा थांबलं.

"लई वाकडं घातलंय बिचारीनं. तवा मशीन नसंल."

"व्हय माय," राजकुमार म्हणाला. "तवा मशीन नव्हतं."