तळहातावरचे ठोके

पोटातल्या बाळाचे ठोके ऐकण्यासाठी कंपनीने गावोगावच्या नर्सना दिलेले जुने टॅबलेट आसावरी परत मागवत होती. बदल्यात नवे पोचले होते. फक्त जव्हारच्या दमयंतीताईंचा जुना टॅबलेट येत नव्हता. स्पीकर खरखरतो ही तक्रार त्यांचीच, आणि तरी दर मंगळवारी तोच सुरू झालेला आसावरीला ऑफिसातल्या संगणकावर दिसायचा. कुतूहल आवरेना, तेव्हा ती मंगळवार गाठून स्वतःच तिथे गेली.

उपकेंद्रात एक गरोदर बाई खाटेवर निजली होती. शेजारी तिचा नवरा लहानू बसला होता. ताईंनी तिच्या पोटाला पट्टा बांधला आणि जुना टॅबलेट लहानूच्या हाती दिला. त्याने स्पीकरवर तळहात टेकवला, डोळे मिटले. बघता बघता त्याचा चेहरा फुलला.

"त्याला जन्मापासून ऐकू येत नाही," ताई म्हणाल्या. "नव्याचा आवाज स्वच्छ आहे, मॅडम, पण हाताला काही लागत नाही. हा थरथरतो."

"बाळंतपण कधी?"

"पुढच्या महिन्यात."

आसावरीने यादी उघडली आणि त्या टॅबलेटपुढे लिहिलं, 'वापरात आहे.'