शून्यासाठी चार तास

"चढला! चढला!" सर खुर्चीवरून उठलेच.

पडद्यावरचा कणांचा आकडा शून्यावरून चारशे, चारशेवरून नऊ हजार. पोलादी टाकीतल्या गोठवणाऱ्या, धूळरहित हवेत, नुसत्या वाफेतून, नवे कण जन्मले होते. गंधकाम्लाच्या वाफेला अमोनियाची जोड मिळाली की ते इतक्या थंडीत जन्मतात का, एवढाच सरांच्या संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न होता. टाकीवरची तिची पाळी आज सहाला संपत होती. पुढची थेट वर्षाने.

ती हसली नाही. अमोनियाची चावी तिने जेमतेम केसभर फिरवली होती; तेवढ्याने आकडा इतका चढायला नको होता.

"मामा," तिने फिटरला हाक मारली, "ही नळी जेवणाच्या सुट्टीनंतर तुम्हीच जोडलीत ना?"

"मीच. का हो ताई?"

"हात बघू."

तिने वास घेतला. "संत्रं?"

"एकच फोड खाल्ली हो! हातमोज्यांनी साल निघेना, म्हणून काढले जरा."

"फोड एक, पण सोललंत अख्खं."

सर खाली बसले. सालीचं तेल, वर टाकीतला ओझोन. कण व्हायला एवढं पुरतं, हे वर्गात तेच शिकवायचे. ते म्हणाले, "अगं, टिपूसभर तेल ते. कुणाला कळणार आहे?"

"कणांना कळलं की, सर."

"टाकी धुवायला चार तास लागतील. आता सव्वा वाजलाय."

"म्हणजे पाऊण तास उरतो," ती म्हणाली आणि नऊ हजारांवर तिरकी रेघ मारून वहीत 'रद्द' लिहिलं. टाकीची हवा सोडायचा खटका तिने सर बोलत होते तेव्हाच दाबला होता.

मामांनी तीनदा साबण लावला, नवे हातमोजे चढवले, नळीच बदलली. मग कुणी न सांगता काचेच्या दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

सव्वापाचला आकडा खाली आला. शून्य.

"एवढं करून भोपळाच?" मामांनी बाहेरून विचारलं.

"भोपळाच हवा होता, मामा. आता जे चढेल ते आपलं."

तिने चावी पुन्हा केसभर फिरवली. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, तिने पाहिलं नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"ताई," दाराबाहेरून दबका आवाज आला, "श्वास सोडू का?"

"अजून नाही," ती म्हणाली.